विश्लेषण : ट्रकला सिंथेटिक ऑइल टाकावे की साधे? महाग बकेटचा हिशेब नेमका कुठे जुळतो?

गेल्या महिन्यात नाशिकहून मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑइलच्या दोन बकेटचे फोटो पाठवले. एक साध्या ऑइलची, दुसरी 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेली, जवळपास दुप्पट किमतीची. खाली एकच ओळ होती : "इंजिनिअर आहेस ना, मग सांग यातली कुठली घेऊ?"

मामांकडे दोन ट्रक आहेत. एक २०१८ चा बीएस-४ दहाचाकी, जो बहुतेक वेळा कांदा घेऊन उत्तरेला जातो. दुसरा अलीकडेच हप्त्यावर घेतलेला बीएस-६. दुकानदाराचे म्हणणे, दोन्हीला सिंथेटिकच टाका. मिस्त्रीचे म्हणणे, दोन्हीला साधेच चालते, उगाच पैसे घालवू नका. मला वाटते दोघेही चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत होते. बकेटवरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागच्या बाजूची बारीक अक्षरे ट्रकमालकाच्या खिशाशी जास्त संबंधित असतात.

सिंथेटिक म्हणजे नेमके काय?

इंजिन ऑइल म्हणजे मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायने. साध्या, म्हणजे मिनरल ऑइलमध्ये मूळ तेल कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून येते. त्यातले रेणू लहानमोठे, सगळ्या प्रकारचे असतात. सिंथेटिकमध्ये हे रेणू कारखान्यात जुळवून किंवा मोडूनतोडून जवळपास एकसारखे केलेले असतात. त्यामुळे थंडीत ते लवकर घट्ट होत नाही, उष्णतेत लवकर जळत नाही आणि त्याची वाफही कमी होते.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, मूळ तेलाचे पाच गट करते. पहिले दोन सरळसरळ मिनरल. चौथा गट, पीएओ, खरा कारखान्यात जुळवलेला. घोळ तिसऱ्या गटाचा आहे. हे तेल कच्च्या तेलापासूनच बनते, पण त्यावर हायड्रोजनची इतकी कडक प्रक्रिया केलेली असते की त्याचे गुण सिंथेटिकच्या जवळ जातात. त्याला सिंथेटिक म्हणायचे का, यावरून मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध अमेरिकेत जाहिरातींची छाननी करणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली होती. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून तिसऱ्या गटाचे तेलही बाजारात सिंथेटिक म्हणूनच विकले जाते. म्हणजे हा शब्द वाचून बकेटमध्ये नेमके काय आहे हे पूर्ण कळत नाही.

मग बकेटवर वाचायचे काय?

दोन गोष्टी. पहिली, १५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-३० असा आकडा. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका कमी, तितके ते ऑइल थंडीत पातळ राहते. नंतरचा आकडा गरम इंजिनमधला दाटपणा सांगतो, आणि तो १०० अंश सेल्सिअसला मोजतात. १५डब्ल्यू ऑइलची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांवर होते. आपल्याकडे निफाडला पारा शून्याजवळ आला तरी त्याची बातमी होते. त्यामुळे महाराष्ट्रात धावणाऱ्या ट्रकला 'थंडीत लगेच स्टार्ट' हा सिंथेटिकचा गुण फारसा कामाचा नाही. गाडी हिवाळ्यात काश्मीर किंवा लडाखकडे जात असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, एपीआयची श्रेणी : सीआय-४, सीआय-४ प्लस, सीके-४ वगैरे. सीआय-४ ही श्रेणी २००२ ची, सीके-४ डिसेंबर २०१६ ची. हे ऑइल काजळी किती सांभाळते, झीज किती रोखते, राख किती ठेवते, याच्या ठरलेल्या चाचण्या ते पास झाले आहे, असा या अक्षरांचा अर्थ. ऑइल मिनरल असो की सिंथेटिक, परीक्षा तीच.

बीएस-६ ट्रकला सिंथेटिकच लागते का?

हा सध्याचा सगळ्यात पसरलेला गैरसमज. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ट्रकच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. अडकलेली काजळी ठरावीक वेळाने जाळून टाकली जाते. पण इंजिनमध्ये थोडेथोडे जळणारे ऑइल मागे राख ठेवते. ही राख ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमसारख्या धातूंच्या रसायनांची असते आणि ती जळत नाही. ती डीपीएफमध्ये साचत जाते, फिल्टर तुंबतो, गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी तो काढून साफ करावा किंवा बदलावा लागतो. हा खर्च ऑइलच्या कितीतरी बकेटपेक्षा मोठा असतो.

म्हणून बीएस-६ ला कमी राखेचे ऑइल लागते. सीके-४ मध्ये राखेची मर्यादा वजनाच्या १ टक्का आहे. आता खरी मेख : सीके-४ दर्जाचे १५डब्ल्यू-४० ऑइल दुसऱ्या गटाच्या मिनरल तेलातही बनते आणि सर्रास मिळते. उलट महागडे सिंथेटिक जुन्या सीआय-४ श्रेणीचे असेल तर ते डीपीएफसाठी चुकीचेच. मिस्त्रीने सवयीने जुन्या बॅरलमधले ऑइल नव्या गाडीत ओतले, तर दोष मिनरल असण्याचा नाही, श्रेणीचा आहे.

शिवाय इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची मानकेही असतात : कमिन्सचे सीईएस २००८६, व्होल्वोचे व्हीडीएस-४.५, डेमलरचे एमबी २२८.५१. मॅन्युअलमध्ये यातले जे लिहिले असेल ते बकेटच्या मागे असलेच पाहिजे. वॉरंटीत वाद झाला तर आधी हेच पाहिले जाते.

पैशाचा हिशेब

हिशेबासाठी समजा, जुन्या ट्रकला १५ लिटर ऑइल लागते. मिनरल ३०० रुपये लिटर, सिंथेटिक ६०० रुपये. फिल्टर आणि मजुरी १,५०० रुपये. मिनरलची एक बदली ६,००० रुपयांना पडते, सिंथेटिकची १०,५०० रुपयांना. (तुमच्या दुकानातले भाव टाकून हेच गणित करता येईल.)

मिनरल २० हजार किलोमीटरला बदलत असाल, तर सिंथेटिक किमान ३५ हजार किलोमीटर चालले तरच दोन्हींचा खर्च सारखा होतो. ४० हजार चालले तर फायदा १,५०० रुपये, शिवाय गाडी गॅरेजमध्ये उभी राहण्याचा एक दिवस वाचला. त्या दिवसाचे भाडे धरले तर फायदा बरा दिसतो. पण सिंथेटिक टाकूनही सवयीने २० हजारालाच बदलले, तर ४० हजार किलोमीटरमागे ९,००० रुपये जादा जातात. आपल्याकडे बहुतेक मालक नेमके हेच करतात. 'ऑइल काळे पडले' म्हणून.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डिझेल इंजिनचे ऑइल काळे पडणे वाईट नाही. काजळी एका जागी साचू न देता स्वतःत धरून ठेवणे हे त्यातल्या रसायनांचे कामच आहे. बोटावर घेऊन रंग बघण्याने ऑइल संपले की नाही हे कळत नाही.

आणि अ‍ॅव्हरेजचे काय? दुकानदार म्हणतो, सिंथेटिकने डिझेल वाचते. ४ किलोमीटर अ‍ॅव्हरेज धरले तर ४० हजार किलोमीटरला १० हजार लिटर डिझेल लागते. ९० रुपये लिटरने नऊ लाख. त्यातला एक टक्का वाचला तरी नऊ हजार रुपये, म्हणजे वरचा सगळा जादा खर्च भरून निघतो. कागदावर छानच. पण एक टक्का म्हणजे अ‍ॅव्हरेज ४ वरून ४.०४. टायरची हवा, ड्रायव्हरचा पाय, परतीचा माल आणि घाटातली रांग यांनी यापेक्षा जास्त फरक पडतो. एका ट्रकवर हा फायदा मोजून दाखवणे जवळपास अशक्य आहे. शिवाय डिझेल वाचते ते मुख्यतः ऑइल पातळ असल्यामुळे, म्हणजे १५डब्ल्यू-४० ऐवजी १०डब्ल्यू-३० वापरल्याने. कंपनीने परवानगी दिली नसेल तर जुन्या इंजिनमध्ये पातळ ऑइल टाकणे म्हणजे बेअरिंगशी खेळ.

बदलीचे अंतर वाढवता येते का?

स्वतःच्या मनाने नाही. सिंथेटिक उष्णता जास्त सोसते हे खरे. तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे भरलेली गाडी घेऊन कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना, आणि विशेषतः टर्बोच्या बेअरिंगमध्ये, सिंथेटिकचा फायदा खरोखर असतो.

पण ऑइल केवळ उष्णतेने संपत नाही. त्यात काजळी येते, न जळलेले डिझेल उतरते, एअर फिल्टर गळका असेल तर धूळ जाते, गॅस्केट गेले तर पाणी. हे सगळे ६०० रुपये लिटरच्या ऑइलमध्येही तेवढेच येते. खाणीतला डंपर, खडीचा टिपर, तासनतास उभ्या जागी इंजिन चालू ठेवणारा काँक्रीट मिक्सर, यांच्यात तर किलोमीटरचा आकडाच फसवा. तिथे इंजिनचे तास मोजावे लागतात.

अंतर वाढवायचे दोनच रीतसर मार्ग आहेत. एक, मॅन्युअल. काही मॅन्युअलमध्ये दोन श्रेणींची ऑइल आणि दोन वेगवेगळी अंतरे दिलेली असतात. दुसरा, वापरलेल्या ऑइलचा नमुना लॅबमध्ये तपासणे. त्यात लोखंड वाढलेले दिसले तर झीज, सिलिकॉन वाढले तर धूळ. मोठ्या ताफ्यांना ऑइल कंपन्या ही सोय देतात. दोन ट्रकवाल्याला ती सहज मिळत नाही, आणि तेच त्याचे दुखणे आहे.

इंजिन ऑइल पीत असेल तर प्रश्नच मिटला. मध्येमध्ये लिटर-लिटर टाकावे लागत असेल, तर महाग ऑइल धुरातून उडवण्यात अर्थ नाही. आधी इंजिनचे काम करा. आणि रस्त्यात कमी पडले, सिंथेटिक मिळेना, तर त्याच श्रेणीचे मिनरल टाकून गाडी पुढे नेता येते. दोन्ही मिसळल्याने ऑइल फाटत नाही. महागाचा फायदा तेवढा पातळ होतो.

सिंथेटिकच्या बाबतीत आणखी एक धोका भेसळीचा. रिकामी ब्रँडेड बकेट जितकी महाग ऑइलची, तितकी बनावट माल भरणाऱ्याला ती हवीशी. बिल घ्या, सील स्वतः फोडा आणि बदली झाली की रिकाम्या बकेटला मिस्त्रीसमोरच भोक पाडा.

मामांचे काय ठरले?

मी मामांना फोन करून म्हटले, "मामा, आधी दोन्ही गाड्यांची मॅन्युअल शोधा, मग सांगतो." जुन्या गाडीचे सापडले नाही. शोरूममधून माहिती मागवली, तेव्हा कळले की तिला सीआय-४ प्लस, १५डब्ल्यू-४० पुरते. अंतर वाढवायची परवानगी कुठेच नाही. तिला मिनरलच टाकले. वाचलेल्या पैशांतून नवा एअर फिल्टर घेतला, जुना दोन सीझनचा होता.

नव्या गाडीचे मॅन्युअल सीटमागे प्लास्टिकच्या पिशवीत जसेच्या तसे होते, पिशवी फोडलेलीही नव्हती. त्यात सीके-४ सक्तीचे आणि बदलीचे अंतर जुन्या गाडीपेक्षा कितीतरी लांब. खाली छोट्या तक्त्यात घाट आणि जड वापरासाठी ते अंतर कमी केलेले. मामांनी त्या पानाचा फोटो काढून ड्रायव्हरला पाठवला, आणि बॅरलमधले जुने ऑइल या गाडीत टाकायचे नाही म्हणून मिस्त्रीलाही.