आजोबांचा लकवा आणि गडचिरोलीचा हिशेब

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी वाङ्मय, इतिहास आणि समाजशास्त्र हे माझे विषय. तेव्हा रक्तदाब, हृदयविकार आणि त्यांवरील संशोधन यांविषयी लिहिण्याचा हिला काय अधिकार, असे प्राध्यापक मंडळी आणि वाचक मित्रमैत्रिणी म्हणतील. अधिकार नाहीच. पण आमच्या घरातून या रोगाने एक माणूस नेला आहे आणि दुसऱ्यावर डोळा ठेवला आहे. त्यामुळे मला वाचावे लागले. जे समजले ते मांडते.

आमचे गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. सहा वर्षांपूर्वी धान चुरण्याच्या दिवसांत आजोबा सकाळी अंगणात तोंड धुता धुता एका अंगावर कलले. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. ‘लकवा मारला’ असे सगळे म्हणाले. शेजारच्या गावातील एका जाणत्याने तेलाची मालिश सांगितली, ती झाली. नवव्या दिवशी आजोबा खाटेवरच गेले. वय बासष्ट. पुढे दाखला आणला तेव्हा मृत्यूच्या कारणापुढे ‘वार्धक्य’ असे लिहिलेले होते. त्या वेळी कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही.

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला संशोधन पद्धती शिकताना मनात प्रश्न आला : खेड्यात माणूस घरी मरतो, डॉक्टर पाहत नाही, कागदावर वार्धक्य लिहिले जाते, मग आपल्या भागात लोक कशाने मरतात हे कोणाला कळणार तरी कसे?

उत्तर आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात सापडले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. नवजात बालकांच्या मृत्यूवरील त्यांचे काम पुष्कळांना ठाऊक आहे. त्यात ३९ गावांत प्रशिक्षित बाया घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेत आणि ४७ गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था चालू राही. दोहोंची तुलना करूनच उपयोग झाला की नाही हे त्यांनी १९९९ साली जगापुढे ठेवले. या ८६ गावांत जन्ममृत्यूची चोख नोंद ठेवण्याची सवय त्यामुळे लागलेली होती. तीच पुढे मोठ्या माणसांच्या कामी आली.

एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत त्या ८६ गावांत १,५९९ माणसे मेली. प्रत्येक घरी जाऊन आरोग्य कार्यकर्त्यांनी विचारपूस केली. तोंड वाकडे झाले होते काय? कोणती बाजू लुळी पडली? बोलणे बंद झाले काय? छातीत दुखले होते काय? किती दिवस जगले? ही उत्तरे वाचून डॉक्टर मृत्यूचे कारण ठरवीत. या पद्धतीला ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ म्हणतात. मी तिला मनाशी ‘तोंडी पंचनामा’ म्हणते. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले लकवा : २२९ माणसे, म्हणजे शंभरात चौदा. मलेरिया नाही, क्षय नाही, साप नाही. आणि लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसे घरीच मेली होती.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आजोबा त्या यादीत नव्हते, आमचा जिल्हा वेगळा. पण ते प्रश्न आमच्या अंगणात येऊन कोणी विचारले असते तर एकेक उत्तर आजीला देता आले असते.

लकवा आणि हृदयविकाराचा झटका हे सख्खे भाऊ आहेत. दोन्ही रक्तवाहिन्यांचे रोग. विहिरीवरच्या मोटारीचा रबरी पाइप आठवा. दाब सतत जास्त राहिला की पाइप आतून झिजतो, कुठे फुगतो, कुठे गाळ धरतो. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने तुंबली तर झटका. मेंदूची तुंबली किंवा फुटली तर लकवा. दंडाला पट्टा बांधून दोन आकडे सांगतात, त्यांतला वरचा हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. १४० आणि ९० च्या पुढे वारंवार गेला की उच्च रक्तदाब. यात दुखत काहीच नाही. खरी अडचण तीच आहे.

आता औषध गुणकारी आहे हे कसे ठरते? येथे मला एक परदेशी चाचणी फार आवडली. १९८८ साली तिचा निकाल लागला. १६ देशांतील ४१७ रुग्णालयांत, झटका आल्याच्या संशयाने दाखल झालेले १७,१८७ रुग्ण. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे चार गट पाडले. एका गटाला अ‍ॅस्पिरिन, दुसऱ्याला गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला दोन्हींच्या जागी नुसते खोटे औषध. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. पाच आठवड्यांत काहीच न मिळालेल्यांपैकी शंभरात तेरा दगावले. दोन्ही मिळालेल्यांपैकी आठ. अ‍ॅस्पिरिनसारखी स्वस्त गोळी!

त्यातली एक गंमत कला शाखेच्या वाचकांसाठी. निकालाची फार बारीक चिरफाड केली की वाटेल ते दिसू लागते, हे दाखवण्यासाठी संशोधकांनी मुद्दाम रुग्णांच्या राशी पाहिल्या. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग झालेला दिसेना! माझी रास तूळ. (लकव्यात मात्र ही गोळी आपल्या मनाने देऊ नये. वाहिनी तुंबली की फुटली हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि फुटली असेल तर अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो.)

हे सगळे मी दिवाळीच्या सुटीत बाबांना सांगितले. बाबा अठ्ठेचाळीस वर्षांचे. आशाताईंच्या सांगण्यावरून उपकेंद्रात दाब मोजला तेव्हा १७०/१०० निघाला, दुसऱ्या खेपेलाही तेवढाच. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. दहा दिवस खाल्ल्या आणि सोडल्या. “मले काही होत नाही, काहून खाऊ? एकदा लागली का सुटत नाही थे गोळी.” माझे सतरा हजार ऐकून म्हणाले, “त्याइच्यात धान कापणारे किती होते वं?”

प्रश्न चोख होता. परदेशातल्या रुग्णालयांत खाटेवर निजलेल्या माणसांचा हिशेब बांधीवरच्या माणसाने का मानावा? म्हणून मी त्यांना गडचिरोलीची ८६ गावे सांगितली. मग ५२ देशांतली एक पाहणी सांगितली; २००४ साली ती प्रसिद्ध झाली, तीत भारतही होता. आपल्या उपखंडातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या सुमारास. तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून अधिक, हेही त्याच पाहणीत निघाले. तेव्हा बाबांच्या हातात खर्रा घोटणे चालू होते. ते थांबले नाही, पण माझ्याकडे पाहणे त्यांनी टाळले.

भंडारा जिल्ह्यात, म्हणजे १९९९ पर्यंत आमचाच जो जिल्हा होता त्यात, उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम महाराष्ट्रात अगदी प्रारंभी सुरू झाला. सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा त्याच्या सोबतीला होते. नवे औषध शोधणे हा त्याचा हेतू नव्हता. ठरलेली गोळी महिनाभर पुरेल एवढी जवळच द्यायची, प्रत्येकाचे कार्ड ठेवायचे आणि जो पुन्हा आला नाही त्याला शोधायचे. मला वाटते, हे तिसरे काम सर्वांत अवघड असावे. आमच्या घरी तर मी एकाच माणसाला शोधते आहे आणि तो समोरच बसलेला असतो.

शेवटी तोड काढली ती आजीने. तिला आकडे समजत नाहीत. तिने गोळ्यांची पट्टी स्वतःकडे घेतली आणि सकाळच्या चहाच्या कपाबरोबर एक गोळी बशीत ठेवू लागली. आईशी बाबा भांडतात, माझ्याशी वाद घालतात; आजीसमोर मुकाट्याने गिळतात. परवा फोनवर तिला विचारले तेव्हा तिने पट्टी चाचपून सांगितले, अकरा उरल्या आहेत. सोमवारी उपकेंद्रात पुन्हा दाब मोजायला जायचे आहे.