विश्लेषण : जुन्या एसयूव्हीचा ब्रेक का थरथरतो? डिस्क बदलायची की लेथवर घासायची?

पुणे-सोलापूर महामार्गावर उरुळी कांचन मागे पडले की कासुर्डी आणि पुढे यवत. रस्ता सरळ आणि रुंद, त्यामुळे जुनी गाडीही सहज ऐंशीला जाते. पण याच रस्त्यावर हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय चाललेला असतो आणि दुभाजकाच्या फटीतून दुचाकी अचानक पुढे येते. अशा वेळी पंधरा वर्षे वापरलेल्या बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो किंवा सफारीच्या ब्रेकवर पाय पडतो आणि स्टीअरिंग हातात थरथरू लागते. गॅरेजमधले उत्तर बहुतेकदा ठरलेले असते, ‘डिस्क वाकलीय, बदला’ किंवा ‘लेथवर घासून आणा’. या दोन्हींवर पैसे घालवण्याआधी थरथर कुठून येते ते समजून घ्यायला हवे. नाहीतर काही महिन्यांनी तीच तक्रार घेऊन त्याच गॅरेजात परत जावे लागते.

डिस्क नेमके काय करते?

डिस्क, म्हणजेच रोटर, ही चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. पेडल दाबले की कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड दाबून तिला पकडतो आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते. ती किती, याचा हिशेब करता येतो. माणसे आणि सामान धरून २,२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबवली, तर तेवढ्या उष्णतेत साधारण पावणेदोन लिटर पाण्याला उकळी येईल. ही सगळी उष्णता काही सेकंदांत चाकांमध्ये जिरते. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. या पिढीतील बहुतेक गाड्यांना डिस्क फक्त पुढेच असते, मागे ड्रम आणि लायनर असतात.

पुढची डिस्क बहुधा दोन थरांची असते आणि मधल्या फटींतून वारा खेळतो. चाक फिरते तसा पंख्यासारखा हा वारा आतून बाहेर फेकला जातो. शेताच्या वाटेवरची काळी माती याच फटींत जाऊन वाळते. बाहेरून गाडी चकाचक धुतलेली आणि डिस्कच्या पोटात मात्र मातीचे ढेकूळ, हे आपल्याकडे नेहमीचेच. मग डिस्क निवत नाही, शिवाय एका बाजूला वजन वाढल्याने चाकही डगमगते. पावसाळ्यात गाडी धुताना पाण्याचा झोत चाकाच्या आतल्या बाजूनेही मारायला सांगा. फक्त डिस्क गरम असताना मारू नका.

डिस्क खरेच वाकते का?

क्वचित. थरथरीचे नेहमीचे कारण डिस्कची जाडी सगळीकडे सारखी न राहणे हे आहे. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे एक-दोन अंश एवढा फरकही पायाला जाणवतो. पॅड जाड जागी अडतो आणि पातळ जागी सुटतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला असे झाले की ती धडधड पेडल आणि स्टीअरिंगपर्यंत येते.

हा फरक दोन मार्गांनी तयार होतो. एक म्हणजे डिस्क तापलेली असताना गाडी थांबवून पेडल दाबून धरणे. त्या एकाच जागी पॅडच्या मसाल्याचा थर चिकटतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आणि जास्त दुर्लक्षित आहे. डिस्क ज्या हबवर बसते, तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क केसभर तिरकी बसते. हबजवळचा तो केसभर तिरपेपणा डिस्कच्या कडेला जास्त होऊन येतो. मग ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेऱ्याला पॅड एकाच जागी घासत राहतो आणि काही हजार किलोमीटरनंतर ती जागा पातळ होते.

म्हणूनच नवी डिस्क टाकल्यावर गाडी सुरुवातीला छान चालते आणि नंतर पुन्हा थरथरू लागते. मालक म्हणतो डिस्क डुप्लिकेट निघाली, मेकॅनिक म्हणतो तुम्ही जोरात चालवता. दोष बऱ्याचदा दोघांनीही न पाहिलेल्या, दहा मिनिटांत घासून निघाला असता अशा गंजाचा असतो.

थरथर डिस्कचीच आहे, हे कसे ओळखायचे?

ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर आधी टायर आणि व्हील बॅलन्सिंग पाहा. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग हलत असेल, तर संशय पुढच्या डिस्कवर. स्टीअरिंग शांत पण सीट आणि पेडल हलत असेल, तर मागचे ड्रमही उघडून बघायला हवेत. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल, तर डिस्कला हात लावण्याआधी कॅलिपर तपासा. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या गंजून अडकल्या की एक पॅड झिजून संपतो आणि दुसरा जवळपास नवाच राहतो. चाकाची गरमी तपासताना हात जवळ धरा, टेकवू नका.

पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. त्याची काळजी नको, पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो जातो. काही महिने अंगणात उभ्या असलेल्या गाडीचे प्रकरण मात्र वेगळे. तिथे पॅडच्या आकाराचा खोल डाग पडलेला असू शकतो.

बदलायची कधी?

बहुतेक डिस्कवर कडेला किंवा मधल्या भागावर ‘किमान जाडी’चा आकडा कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क बदलायचीच, ती कितीही गुळगुळीत दिसली तरी. पातळ डिस्क कमी उष्णता पेलते, लवकर तापते आणि तडकू शकते. कडेपर्यंत गेलेली भेग आणि खोल चरे ही आणखी कारणे.

मापताना एक फसगत होते. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तिथे न झिजलेली धार उभी राहते. व्हर्नियर कॅलिपर सरळ लावला की तो ही धारच मोजतो आणि संपलेली डिस्क ‘अजून चांगली’ ठरते. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक सारखे नाणे ठेवून माप घ्या आणि दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा. असे निदान तीन-चार ठिकाणी मोजा. पॅडचा मसाला ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदला. त्यापुढे ओढले की पॅडची पत्र्याची पाठ डिस्कला खरवडते आणि पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च मिळतो.

लेथवर घासणे चूक नाही. पण घासल्यानंतरची जाडी किमान आकड्याच्या वर राहिली पाहिजे, तीही पुढच्या झिजेला वाव ठेवून. लेथवाल्याकडून डिस्क परत घेताना हे माप समोर घ्यायला लावा. तो नाही म्हणाला, तर दुसरा लेथवाला शोधा.

बदलताना काय बघायचे?

डिस्क पुढच्या दोन्ही चाकांच्या एकदम बदलायच्या आणि सोबत पॅडही नवे. जुना पॅड जुन्या डिस्कच्या चऱ्यांशी जुळलेला असतो, नव्या डिस्कवर तो पूर्ण टेकत नाही. हब तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासून घ्यावा. नव्या डिस्कवर गंज न चढण्यासाठी तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरनेच काढायचा, डिझेलने नाही. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे, नेहमीच्या ग्रीसने रबर फुगते. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबला मागून बोल्टने बसवलेली असते, तिथे हबच उतरवावा लागतो. अशा वेळी बेअरिंग धुऊन, नवे ग्रीस भरून, योग्य तेवढे आवळून बसवणे हाही त्याच कामाचा भाग आहे.

शेवटी चाकाचे नट. हवेच्या गनने एकेक नट पूर्ण आवळत गेले की डिस्कवर असमान ताण येतो आणि नवी डिस्कही तिरकी बसू शकते. नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने आवळायला सांगा. मेकॅनिक कंटाळा करेल. तरीही सांगा.

गाडी हातात आल्यावर लगेच महामार्गावर घालू नका. मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही हे पाहून साठच्या वेगावरून विसापर्यंत मध्यम दाबाने ब्रेक लावायचा. असे आठ-दहा वेळा, मध्ये थोडे अंतर चालवून निवू द्यायचे आणि त्या दरम्यान पूर्ण थांबून पेडल दाबून धरायचे नाही. यामुळे पॅडचा मसाला डिस्कवर सारखा बसतो.

घाट, न्यूट्रल आणि ब्रेक ऑइल

यवतवरून भुलेश्वरला जाणाऱ्यांसाठी हा भाग. चढताना इंजिनाची परीक्षा असते, उतरताना डिस्कची. वरच्याच वजनाची गाडी १०० मीटर उंचीवरून नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर सात लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता होते. ती इंजिनावर सोपवायची असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉमन रेल इंजिनाला डिझेल जवळपास जातच नाही, त्यामुळे न्यूट्रलमध्ये डिझेल वाचते हा हिशेबही चुकीचा. इंजिन बंद केले तर धोका आणखी वाढतो. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनावरच्या पंपातून येतो. दोन-तीनदा पेडल दाबले की साठा संपतो आणि पेडल दगडासारखे होते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद केल्याची बाब त्या वेळी प्राथमिक तपासात पुढे आली होती.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ प्रकारचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते, मग डिस्क कितीही नवी असो. दोन वर्षांनी ऑइल बदलावे. कोणते घालायचे ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते.

उतरताना जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले, तर खालच्या गिअरमध्ये येऊन कडेला थांबा. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा आणि अर्धा तास थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका.