एकतर्फी प्रेम, पाच भागांत!

प्रेमात लोक कविता पाडतात. पॅरिसमधल्या एका पठ्ठ्यानं थेट सिम्फनी पाडली! नाव हेक्टर बेर्लिओझ. डॉक्टर वडिलांनी मेडिकलला धाडलं, तर शवविच्छेदनाची खोली बघून स्वारीनं खिडकीतून धूम ठोकली. पुढे नोट्स काढल्या, पण म्युझिकच्या.

1827. ओडेऑन थिएटर, ‘हॅम्लेट’. ऑफेलियाच्या भूमिकेत आयरिश अभिनेत्री हॅरिएट स्मिथसन. विकेट गेली! माहीत आहे का, नाटक इंग्रजीत होतं आणि साहेबांचं इंग्रजी जवळपास शून्य. पत्रांवर पत्रं गेली. रिप्लाय? नो.

मग 5 डिसेंबर 1830 ला ‘सिम्फनी फँटास्टिक’ वाजली. स्टोरी छापून श्रोत्यांच्या हातात! प्रेमात पोळलेला कलाकार अफू घेतो, मरत नाही, भन्नाट स्वप्नं बघतो. कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन हिला पहिली सायकेडेलिक सिम्फनी म्हणायचे.

हिरॉइन म्हणजे एक धून. पाचही भागांत ती पिच्छा सोडत नाही. आणि ही खास धून आधी 1828 च्या एका स्पर्धेसाठी लिहिलेल्या रचनेतली होती. रिसायकलिंग, दुसरं काय!

तिसऱ्या भागातला ढगांचा गडगडाट? टिंपनीवर चौघं वादक.

चौथा भाग डोकं लावून ऐका, कारण ते उडणार आहे. स्वप्नात नायकानं प्रेयसीचा खून केलाय, आता गिलोटिन. क्लॅरिनेटवर तिची धून जेमतेम सुरू होते आणि खाड्! लगेच तारांवर ‘टुप्प’. ते मुंडकं पडल्याचं. शेवटच्या भागात तीच धून चेटकिणींच्या पार्टीत किरकिऱ्या क्लॅरिनेटवर वेडावत येते, आणि व्हायोलिनवाले गज उलटा करून लाकडानं तारा बडवतात. हॉरर फिल्मवाल्यांनो, नंबर लावा.

मधेच एक ट्विस्ट! कामिय मोक नावाच्या पियानोवादिकेशी बेर्लिओझचा साखरपुडा झाला. तिनं लग्न केलं पियानो कंपनीच्या प्लेयेलशी. त्याचंही नाव कामिय! माहीत आहे का, 1831 मध्ये बेर्लिओझ पिस्तुलं आणि मोलकरणीचा वेश घेऊन सूड उगवायला इटलीहून निघाला होता. नीसपर्यंत पोचता पोचता डोकं थंड झालं.

1832 मध्ये हॅरिएटनं ही सिम्फनी ऐकली. पुढच्याच वर्षी लग्न! संसार फार टिकला नाही, ते सोडा. लग्नाला साक्षीदार कोण? पियानिस्ट फ्रान्झ लिस्ट. त्यानं त्याच वर्षी अख्खी सिम्फनी एकट्या पियानोवर बसवली. बेर्लिओझला मात्र ती वाजवणं अशक्यच. त्याला पियानो येतच नव्हता. गिटार म्हणाल तर लगेच!