मोटरसायकलींचे अग्रदीप : विरुद्ध बाजूच्या वाहतुकीसाठी अनुकूलन

रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशातील मोटरसायकल उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशात (किंवा याउलट) चालविताना तिच्या पुढील दिव्याच्या प्रकाशरचनेत जो तात्पुरता वा कायमचा बदल करावा लागतो, त्याला अग्रदीपाचे अनुकूलन म्हणतात. दूरवर जाणारी वरची शलाका दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच पसरत असल्याने तिच्यात बदल करण्याचे कारण पडत नाही. प्रश्न असतो तो व्यवहारात ‘डिपर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निम्न शलाकेचा. भारतातून नेपाळ, भूतान, बांगला देश, श्रीलंका किंवा पाकिस्तान येथे जाणाऱ्यास ही अडचण येत नाही, कारण तेथेही वाहतूक डावीकडूनच चालते. मणिपूरमधील मोरे येथून तामू येथे म्यानमारमध्ये प्रवेश करताच मात्र बाजू बदलते (म्यानमारने १९७० मध्ये उजवी बाजू स्वीकारली) आणि पुढे थायलंडमध्ये ती पुन्हा डावी होते. पश्चिमेकडे हा बदल पाकिस्तान व इराण यांच्या सीमेवर होतो.

समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपू नयेत आणि तरीही आपल्या बाजूची रस्त्याची कड, पादचारी व मार्गफलक दूरवरून दिसावेत, या परस्परविरोधी गरजांतून निम्न शलाकेची असममित रचना निर्माण झाली. यूरोपात ती १९५०–६० या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. अशा दिव्याचा प्रकाश भिंतीवर पाडल्यास वरचा अंधार व खालचा उजेड यांच्यामध्ये स्पष्ट सीमारेषा दिसते. ही प्रकाशसीमा समोरच्या वाहतुकीच्या बाजूस आडवी असते, तर कडेच्या बाजूस सु. १५° कोनात वर चढते. डाव्या वाहतुकीसाठी बनविलेल्या दिव्यात प्रकाशाची ही चढती पाचर डावीकडे, तर उजव्या वाहतुकीच्या दिव्यात ती उजवीकडे असते. १९७१ पासून प्रचारात आलेल्या एच४ या दुहेरी तंतूच्या हॅलोजन दिव्यात निम्न शलाकेच्या तंतूखाली धातूची छोटी वाटी असते. तंतूचा प्रकाश परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडून वर फेकला जाऊ नये, हे तिचे काम होय. या वाटीची एक कड दुसरीपेक्षा १५° नी खाली असते व त्यामुळेच पाचर तयार होते. भारतीय मोटरसायकलींत वर्षानुवर्षे वापरला गेलेला ३५ वॉटचा एचएस१ हा दिवा याच कुळातील आहे.

दिवा कोणत्या बाजूसाठी आहे हे यूरोपीय मान्यताचिन्ह असलेल्या काचेवरून कळते. दिव्यासमोर तोंड करून उभे राहिल्यास वर्तुळातील ‘ई’ या अक्षराजवळचा बाण पाहणाऱ्याच्या उजवीकडे रोखलेला असेल, तर तो असममित दिवा डाव्या वाहतुकीचा असतो. दुहेरी टोकांचा बाण दोन्हींसाठी योग्य असल्याचे दर्शवितो. बाण नसलेला असममित दिवा उजव्या वाहतुकीचा समजावा. संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाच्या विनियम ११३ अन्वये बनलेल्या सममित दिव्यांत मात्र पाचर मुळातच नसते. अनेक लहान मोटरसायकली व स्कूटर यांना असेच दिवे असतात आणि त्यांच्या बाबतीत अनुकूलनाचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून पट्ट्या चिकटविण्यापूर्वी दिवा भिंतीवर तपासणे श्रेयस्कर.

अनुकूलन न केल्यास होणारे नुकसान दुहेरी आहे. पाचर समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर पडते, हे सर्वांच्या लक्षात येते. स्वतःच्या बाजूची कड अंधारात राहते, ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते; वास्तविक चालकाच्या जिवाला अधिक धोका तिच्यापासूनच असतो. दिवा थोडा खाली झुकविला म्हणजे काम भागते, हा समजही तपासण्यासारखा आहे. दिवा जमिनीपासून ०·९ मी. उंचीवर असून त्याची शलाका नेहमीप्रमाणे १ टक्का खाली झुकलेली आहे असे मानल्यास आडवी प्रकाशसीमा ९० मी. अंतरावर जमिनीला मिळते. २५ मी. अंतरावर ती ०·६५ मी. उंचीवर असते, परंतु ३ मी. बाजूला पाचर तिच्याहून ०·८ मी. वर, म्हणजे १·४५ मी. उंचीवर पोहोचते. मोटारगाडीच्या चालकाचे डोळे साधारणतः १·१५ मी. उंचीवर असतात. पाचर तेथपर्यंत उतरविण्यासाठी शलाका २·२ टक्के झुकवावी लागेल आणि मग आडव्या प्रकाशसीमेचा पल्ला ९० मी. ऐवजी जेमतेम ४१ मी. उरेल. इतके करूनही वाहन १५ मी. वर आल्यावर पाचर पुन्हा त्याच्या चालकाच्या डोळ्यांच्या वरच राहते.

यामुळे पाचर झाकणे हाच रूढ उपाय ठरला आहे. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण स्वीडनमध्ये घडले. ३ सप्टेंबर १९६७ रोजी तेथील वाहतूक डावीकडून उजवीकडे गेली. त्यापूर्वी तेथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वाहनांना उजव्या वाहतुकीचेच दिवे बसवून काचेच्या विशिष्ट भागावर अपारदर्शक पट्टी चिकटवीत आणि ती त्या दिवसापूर्वी काढू नये, अशी सूचना तिच्यावर छापलेली असे. आजचा प्रवासी याच तत्त्वाचा उपयोग करतो. खाचा असलेल्या काचेत काचेचा प्रत्येक भाग, तर सपाट पारदर्शक आवरणाच्या दिव्यात परावर्तकाचा प्रत्येक भाग शलाकेचा ठराविक हिस्सा घडवितो. त्यामुळे पाचर घडविणारा तेवढाच भाग काळ्या फितीने झाकता येतो. हा भाग प्रत्येक दिव्यात वेगळ्या ठिकाणी असतो. वाहन सपाट जागेवर, भिंतीपासून सु. १० मी. वर, चालक व सामान यांच्या भारासह उभे करतात. पुठ्ठ्याचा तुकडा काचेवर सरकवीत पाचर नाहीशी होईल ती जागा शोधतात आणि तेथेच फीत लावतात. फितीने पाचर जाते, पण दुसऱ्या बाजूला ती उगवत नाही. तयार मिळणाऱ्या काही पट्ट्यांना बारीक लोलक असतात. ते प्रकाश अडविण्याऐवजी वळवितात. साध्या फितीने वाहन चालविताना रात्रीचा वेग कमी ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रक्षेपक पद्धतीच्या दिव्यात हा उपाय चालत नाही. त्यात प्रकाशसीमा आतील धातूच्या पात्याची असते आणि पुढील भिंग त्या पात्याची उलटी प्रतिमा रस्त्यावर पाडते. भिंगाचा प्रत्येक भाग संपूर्ण प्रतिमा घडविण्यात सहभागी असल्याने त्याचा अर्धा भाग झाकला तरी पाचर तशीच राहते, फक्त एकूण उजेड घटतो. अशा दिव्यात पाते फिरविण्याची सोय नसल्यास दिवाच बदलावा लागतो. काही जुन्या दिव्यांत तंतूचा दिवा त्याच्या बैठकीत १५° फिरवून बाजू बदलण्याची सोय असे. ती सोय आता दुर्मिळ झाली आहे.

मोटरसायकलीच्या बाबतीत आणखी दोन अडचणी असतात. मागील आसनावरील व्यक्ती व सामान यांच्या भाराने पुढील भाग उचलला जाऊन शलाका वर चढते. त्यामुळे मागील स्प्रिंगांचा ताण प्रथम वाढवावा लागतो. दुसरे असे की, वळणावर वाहनाबरोबर शलाकाही कलते. उजव्या वाहतुकीच्या देशात डाव्या वाहतुकीचा दिवा घेऊन उजवे वळण २०° कलून घेतल्यास पाचर ३५° कोनात समोरच्या रांगेवर चढते. योग्य दिव्यातही कलण्याचा परिणाम उरतोच. बीएमडब्ल्यू कंपनीच्या के १६०० जीटी (२०११) या मोटरसायकलीत आरसा फिरवून तो भरून काढण्याची योजना आली [⟶ मोटरसायकल].

भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे अग्रदीप एंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेले राहतात. त्यामुळे हॅलोजन दिव्याच्या प्लॅस्टिक आवरणावरील फितीखाली दिवसभर उष्णता साठते. विरुद्ध बाजूचा प्रदेश ओलांडताच फीत लगेच काढावी. तिचा चिकट अंश साबणाच्या कोमट पाण्याने निघतो. पेट्रोल किंवा थिनर वापरल्यास पॉलिकार्बोनेटच्या आवरणाला बारीक तडे जातात.