नाण्यांचे धातू
लेखांक चौथा : रुपयातील रुपे

मागील लेखांकात सातवाहनांच्या शिशापासून शिवराईच्या तांब्यापर्यंत, म्हणजे सामान्य रयतेच्या हाती खेळणाऱ्या धातूंचा मागोवा आपण घेतला. या सप्ताहात, ज्या धातूवर सरकारचा वसूल, सावकाराचे देणेघेणे आणि सराफकट्टा ही तिन्ही उभी होती, त्या रुप्याकडे वळावयाचे आहे. 'रूप्य' या संस्कृत शब्दात छाप उमटविलेले आणि चांदी असे दोन्ही अर्थ नांदतात, आणि नाण्याचे मर्मही याच जोडीत आहे : धातू आपले मोल आपल्याबरोबर घेऊन येतो, छाप त्या मोलाची ग्वाही देते. ही जोडी केव्हा फुटली, हा आजचा विषय.

शेरशहा सूरीने सोळाव्या शतकात सुमारे 178 ग्रेन वजनाचा रुपया पाडला आणि अकबराने तोच पुढे चालविला. परंतु मराठेशाहीत टांकसाळी मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा चांदवडी, अंकुशी अशा नानाविध रुपयांचा कस आणि वजन एकमेकांशी जुळेना. सराफ नाणे दगडावर वाजवून त्याचा नाद ऐके, काट्यावर घालून वजन पाही, संशय आला तर चाशनी घेई, म्हणजे धातूचा कस तपासी, आणि मग बट्टा कापून दाम मोजी. ज्या शब्दाने नाण्यातील तूट सांगावी त्याच शब्दाने आपण नावाला लागलेला डागही सांगतो, यावरून या तुटीचा समाजमनावर केवढा वचक होता हे ध्यानात यावे.

1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया ठरविला : वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात 165 ग्रेन शुद्ध रुपे. उरलेला बारावा हिस्सा हिणकस धातूचा; परंतु तो लबाडीचा नव्हे, कारण निर्भेळ रुपे मऊ असते, हातोहात फिरताना झिजते, आणि थोडे तांबे मिसळले म्हणजे त्याला काठिण्य येते. यंत्रावर पाडलेला हा कलदार रुपया इतका नेमका असे, की 80 रुपये तागडीत घातले म्हणजे शेर झाला असे मानून लोक जिन्नस मोजीत. मुंबईच्या टांकसाळीत कोणाही व्यापाऱ्याने चांदीच्या लगडी आणाव्यात, घडणावळ द्यावी आणि रुपये घेऊन जावेत, अशी मुभा होती. म्हणून बाजारातील चांदीचा भाव आणि रुपयाचे मोल यांत फार अंतर पडणे शक्यच नव्हते.

परंतु 1871 नंतर जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, अमेरिकेतील खाणींतून चांदीचे लोट आले, आणि दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया 1893 पर्यंत सुमारे पंधरा पेन्सांवर उतरला. विलायतेचा वार्षिक खर्च पौंडांत भरणाऱ्या सरकारला हे झेपेना. तेव्हा 26 जून 1893 रोजी टांकसाळीची दारे लोकांच्या चांदीला बंद झाली. रुपया दुर्मिळ होत गेला आणि 1898 पर्यंत सोळा पेन्सांवर चढला. त्याच्या पोटातील रुपे मात्र जेमतेम दहा पेन्सांचे होते. कस तोच, वजन तेच, नादही तसाच खणखणीत. तरी जोडी फुटली ती टांकसाळीची दारे बंद झाली त्याच दिवशी.

हा फरक शेतकऱ्याला कोणी समजावून सांगितला नाही. तो त्याने सोसला. त्याची ठेव म्हणजे बायकोचे तोडे आणि मुलांचे वाळे. पूर्वी तोळाभर रुपे आणि एक रुपया यांत फारसे अंतर नसे, आणि आता 1896-97 च्या दुष्काळात तेच दागिने सराफाकडे नेले असता हाती कमी रुपये पडू लागले, सरकारी सारा मात्र त्याच महागलेल्या रुपयांत भरावा लागला.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव इतका चढला, की रुपया वितळविणे फायद्याचे ठरू लागले, आणि 1917 मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. 1940 मध्ये रुपे निम्म्यावर आले. उरलेल्यात 40 टक्के तांबे आणि पाच पाच टक्के निकेल व जस्त. लोकांनी जुने राणीछाप बंदे रुपये मडक्यांत घालून पुरले, आणि 1947 मध्ये रुपया निव्वळ निकेलचा झाला.

लोकांच्या आठवणीत रुप्याचा रुपया गेला तो 1940 मध्ये. परंतु माझ्या मते तो 1893 मध्येच गेला होता, कारण त्या दिवसापासून त्याचे मोल धातूवर नव्हे, तर सरकार किती रुपये पाडील यावर अवलंबून राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 च्या आपल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात नेमके येथेच बोट ठेवले, आणि पुढे टांकसाळ जशी लोकांना बंद झाली तशीच ती सरकारलाही बंद असावी, असा आग्रह धरला. धातूचा जामीन सुटला म्हणजे संयमाचा जामीन द्यावा लागतो. बट्टा पूर्वी नाण्याला लागे व तो सराफाच्या काट्यावर दिसे. आता तो राज्याच्या शब्दाला लागू शकतो, आणि तो पारखण्याचे काम एकट्या सराफाचे राहिलेले नाही, तुम्हाआम्हा सर्वांचे झाले आहे.

पुढील लेखांकात खुर्द्याकडे, म्हणजे निकेलच्या आण्यापासून अॅल्युमिनियमच्या पैशापर्यंतच्या प्रवासाकडे वळू.