वाचा गेली, चाल उरली

धाडच्या एखाद्या भजनी मंडळातले आजोबा लकव्याच्या झटक्यानंतर घरी परतले आहेत, अशी कल्पना करा. बोललेले त्यांना समजते, पण ‘पाणी’ हा साधा शब्द काही केल्या तोंडातून निघत नाही. मात्र शेजारी टाळ वाजू लागले, की हेच आजोबा अभंग शब्दांसकट गातात! मग घरातले कोणी म्हणते, बोलत नाहीत ते मुद्दाम तर नव्हे?

मुद्दाम नव्हे, बरे का. स्वीडनमधील एका शेतकऱ्याच्या मुलाची अशीच हकीकत ओलोफ दालिन यांनी १७४५ साली लिहून ठेवली आहे. त्याची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. प्रार्थनागीते मात्र म्हणता येत. पुढे १८६०च्या दशकात पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी दाखवले, की बोलण्याची जुळणी बहुधा मेंदूच्या डाव्या भागात होते. गाण्यात उजवा भागही मोठा वाटा उचलतो. म्हणून डावीकडे इजा झाली, तरी चाल वाचू शकते.

संगीतोपचारक कामाला लागतो तो या उरलेल्या चालीवर. बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी १९७३ मध्ये त्याची एक पद्धत मांडली. ‘पाणी दे’ हे शब्द उपचारक एक उंच, एक खालचा अशा दोन सुरांत लांबवून म्हणतो आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाचा डावा हात टेबलावर टेकवतो. आधी दोघे मिळून म्हणतात. मग उपचारक मध्येच गप्प होतो. उरलेले रुग्णाने पुरे करायचे. स्लॅब पक्का झाल्यावर सेंट्रिंग काढावे, तसे शेवटी सूरही काढून घेतात. यात आठवडेच्या आठवडे जातात.

नुसते अभंग गाऊन मात्र बोलणे परत येत नाही. पाठ असलेले आपोआप येते. हवे तेव्हा पाणी मागणे निराळे. लाइपझिगमध्ये २०११ साली सतरा रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तर सुरापेक्षा ताल आणि पाठ शब्दच अधिक उपयोगी दिसले. तेव्हा अमुक रोगावर अमुक राग अशी कोष्टके कोणी दाखवली, तर पुरावा जरूर मागा.

आणि हा उपचार नंतरचा. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, की प्रथम १०८ ला फोन करायचा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, आणि धाडहून मोठे रुग्णालय गाठण्याचा वेळही त्यातच मोजला जातो.