लिमिट होल्डेम : रेझ कधी करावा?

लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात बेटची रक्कम खेळाडूच्या मर्जीवर नसून आधीच ठरलेली असते. ४-८ डॉलरच्या टेबलावर हातातल्या दोन पानांवर आणि फ्लॉपवर, म्हणजे पहिली तीन सामाईक पाने उघडल्यावर, प्रत्येक बेट ४ डॉलरची असते, तर टर्न आणि रिव्हर या चौथ्या व पाचव्या पानांवर ती ८ डॉलरची होते. शिवाय एका फेरीत साधारणपणे एक बेट आणि तीन रेझ, म्हणजे तीन वाढी, एवढीच मुभा असते. चित्रपटांत सर्वस्व पणाला लावले जाते तो पोकर हा नव्हे. या मर्यादेवरूनच एक समज फोफावला असून तो कितीही वेळा खोडला तरी पुन्हा डोके वर काढतो : चार डॉलरला भिऊन कोणी पत्ते टाकत नाही, तेव्हा हात पक्का होण्यापूर्वी रेझ करणे ही उधळपट्टी आहे.

यातले निरीक्षण बऱ्याच अंशी खरे आहे, पण निष्कर्ष नेमका उलटा आहे, कारण रेझचा हेतू समोरच्याला पळवून लावणे एवढाच असतो, असे त्यात विनाकारण गृहीत धरलेले असते. समजा, हातात बदामचा एक्का आणि दश्शी आहे, फ्लॉपवर बदामचा राजा, बदामची दुर्री आणि इस्पिक सत्ती आली आहे आणि तीन प्रतिस्पर्धी एकेक बेट लावून बसले आहेत. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम उरतात आणि पुढच्या दोन पानांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. येथे रेझ केल्यास चौघांचे मिळून १६ डॉलर पॉटमध्ये, म्हणजे डाव जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेत, वाढतात, त्यांतला स्वतःचा वाटा ४ डॉलरचा, तर सरासरी हक्क साडेपाचांहून थोडा अधिक. (जुळलेला कलर, म्हणजे पाच बदामांचा हातही क्वचित हरतो, हे खरे, पण नुसत्या एक्क्याच्या जोडीनेही काही डाव जिंकले जातात.) म्हणजे कोणीच पत्ते टाकत नाही, हीच रेझ करण्यामागची कमाई आहे, आणि तेच कारण पुढे करून रेझ टाळणारा खेळाडू हातचे पैसे सोडतो.

टर्नवर बदाम आले नाही की हिशेब पालटतो. आता ४६ पानांत ९, म्हणजे २० टक्क्यांहूनही किंचित कमी शक्यता. चौघांच्या ३२ डॉलरांतला हक्क जेमतेम सव्वासहा आणि भरायचे मात्र ८. साठलेल्या पॉटसाठी कॉल करणे, म्हणजे तेवढीच रक्कम भरून डावात राहणे, योग्यच, पण रेझ तोट्याचा. समोर एकच प्रतिस्पर्धी असेल, तर फ्लॉपवरही निम्मे पैसे स्वतःचे असल्याने ३५ टक्के पुरत नाहीत; तेथे तो अधूनमधून पत्ते टाकेल अशी आशा लागते. पोकरवरील लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी अशा चालीला सेमी-ब्लफ म्हटले.

रिव्हरवर ब्लफ, म्हणजे कमकुवत हातावर समोरच्याला पळवण्यासाठी लावलेली बेट, निरर्थक असतो, हेही सरसकट खरे नाही : ७२ डॉलरच्या पॉटवर लावलेल्या ८ डॉलरांना दहात एकदा यश आले तरी बरोबरी होते. आक्रमक खेळाडू प्रत्येक डावात उतरतो, हा तर निव्वळ गोंधळ. तो बहुतेक पत्ते सुरुवातीलाच टाकतो.

उत्तम हातावर मुभा संपेपर्यंत रेझ करावेच, हा समजही तपासण्यासारखा आहे. अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन खेळाडूंचा लिमिट होल्डेम सोडवल्याचे २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये जाहीर केले; त्यांचा सेफियस हा प्रोग्रॅम डीलरच्या जागेवरून पहिल्या फेरीत शेवटचा रेझ जवळजवळ कधीच करत नाही, हातात एक्क्यांची जोडी असली तरी.